संधिसाधू, सरडा की आयाराम? मत बदलणाऱ्यांसाठीच्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारा फिरला की मत फिरवणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न निवडणुका जवळ आल्या की जास्त येतो. एरवी तो विचारणारे म्हणजे भाषांतरकार, उपसंपादक, दहावीचे विद्यार्थी आणि सोसायटीच्या सभेतून नुकतेच तणतणत बाहेर पडलेले सभासद. शब्द पुष्कळ आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बराचसा गोंधळ एका गोष्टीमुळे होतो. नेमकं काय बदललं, मत, बाजू, दिलेला शब्द की नुसती समोरच्याला ऐकवायची भाषा, हे न पाहताच शब्द फेकला जातो. खालची उत्तरं सुटी वाचता येतील. जिथे मुद्दा दुसरीकडे आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संधिसाधू म्हणजे नक्की कोण? मत बदलणारा प्रत्येक जण संधिसाधू असतो का?

नाही. संधिसाधू ठरायला दोन गोष्टी लागतात: मत किंवा बाजू बदललेली असावी, आणि त्या बदलातून बदलणाऱ्याचा काहीतरी फायदा झालेला किंवा होऊ घातलेला असावा. फायदा दिसत नसेल तर हा शब्द अन्यायाचा आहे. काल पुनर्विकासाला विरोध करणारे काका आज बाजूने बोलू लागले, एवढ्यावर ते संधिसाधू होत नाहीत. मधल्या आठवड्यात बिल्डरने त्यांच्या मुलाला कामावर घेतलं असेल, तर मग शब्द बसतो.

आणखी एक बारकावा. संधिसाधूला मुळात ठाम मत असावं लागत नाही. पुष्कळदा त्याचं कुठलंच मत नसतं, त्याला फक्त वेळ अचूक कळते. म्हणून ‘मतलबी’ आणि ‘आपमतलबी’ हे शब्द त्याच्या जवळचे वाटले तरी वेगळे आहेत. मतलबी माणूस आयुष्यभर एकाच बाजूला राहूनही मतलबी असू शकतो.

२. ‘संधिसाधू’ बरोबर की ‘संधीसाधू’?

संधिसाधू. ‘संधी’ हा शब्द सुटा असताना दीर्घ लिहितो, पण तो मूळचा ऱ्हस्व इकारान्त संस्कृत शब्द असल्याने समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व राहतो. गतिरोधक, बुद्धिबळ यांत तेच होतं. शेवटचा ‘धू’ मात्र दीर्घच, आणि भाववाचक नाम ‘संधिसाधूपणा’. वर्तमानपत्रांत ‘संधीसाधू’ सर्रास दिसतं, पण परीक्षेत लिहू नका.

३. आमचे एक नातेवाईक दर चार दिवसांनी मत बदलतात, पण त्यात त्यांचा काडीचा फायदा नसतो. त्यांना काय म्हणावं?

धरसोड वृत्तीचे. आज मुलाला सायन्सला घाला, उद्या कॉमर्सच बरं, परवा आयटीआय केलेलं काय वाईट. यात लबाडी नाही, मन ठरत नाही इतकंच. ‘चंचल’ थोडा सौम्य आणि पुस्तकी आहे. ‘दोलायमान’ माणसापेक्षा मनाला किंवा अवस्थेला लावतात. ज्याला स्वतःचं मत नसून शेवटी भेटलेल्या माणसाचं मत खरं वाटतं, त्याला ‘हलक्या कानाचा’ म्हणतात. हा शब्द हल्ली मागे पडलाय. वाईट वाटतं, कारण इतका नेमका दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

४. दुटप्पी, दुतोंडी आणि ढोंगी यांत फरक काय?

संधिसाधू एकामागून एक बाजू घेतो. दुतोंडी माणूस एकाच वेळी दोन्ही बाजू घेतो, फक्त ऐकणारे वेगळे असतात. सासूसमोर सासूचं, सुनेसमोर सुनेचं. त्याचं मत बदलत नाही, श्रोता बदलतो.

‘दुटप्पी’ हा शब्द माणसापेक्षा वागण्याला, धोरणाला जास्त शोभतो: स्वतःला एक मोजमाप, दुसऱ्याला दुसरं. पार्किंगच्या दंडाची मागणी करणाऱ्या सचिवाची स्वतःची गाडी फाटकात उभी असेल, तर तो दुटप्पीपणा. ‘ढोंगी’ माणसाचं मत बदलतच नाही. बाहेर दाखवलेलं आणि आत असलेलं पहिल्यापासून वेगळं असतं. हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात ओतले की राग दिसतो, अर्थ दिसत नाही.

५. साहेब बदलले की ज्याचं मत बदलतं, त्या सहकाऱ्यासाठी शब्द सुचवा.

ऑफिसातल्या या प्रकारासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके बहुधा दुसऱ्या कशासाठी नसतील. सर्वांत प्रचलित ‘होयबा’. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा मानणारा. नुसती मान डोलावणारा तो ‘नंदीबैल’. ठराव काय आहे हे न वाचता हात वर करणारा, म्हणजे ‘मम म्हणणारा’. पूजेत भटजी सगळा संकल्प सांगतात आणि यजमान शेवटी फक्त ‘मम’ म्हणतो, त्यावरून हे आलं. साहेबांचंच वाक्य आपल्या तोंडाने पुन्हा म्हणणारा ‘री ओढतो’.

इथपर्यंत माणूस निष्क्रिय आहे. जो पुढे होऊन गोडगोड बोलतो तो ‘खुशमस्कऱ्या’ किंवा ‘तोंडपुज्या’, आणि त्याच्या कृतीला ‘हांजी हांजी करणं’ म्हणतात. ‘लाळघोटेपणा’ ही शेवटची पायरी. तो शब्द बोलणाऱ्याचीही थोडी शोभा घालवतो.

विचारणाऱ्याच्या सहकाऱ्याने दोन साहेबांच्या काळात दोन वेगळी मतं मांडली असतील, तर तो होयबा आहेच. त्याला बढती मिळाली असेल तर संधिसाधूही. प्रश्न १ पाहा.

६. ‘कुंपणावर बसणे’ हा वाक्प्रचार मराठी आहे का?

इंग्रजीतून उचललेला आहे. कळतो, पण मराठीला त्याची गरज नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ आपल्याकडे आहेच. रेघेच्या एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मळा, आणि राज्य असलेला ओरडेल तशी उडी मारायची, हा खेळ खेळलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘त्यांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय’ यात निर्णय झालेला नाही एवढंच आहे, बेइमानीचा आरोप नाही.

मुद्दाम दोन्ही पक्षांना धरून राहणाऱ्यासाठी ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणे’ हा जुना, चांगला वाक्प्रचार आहे. डगर म्हणजे नदीकाठची दरड. अशा माणसाचं पुढे काय होतं तेही भाषेनेच सांगून ठेवलंय: दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. आणि ज्याचं मत आहे, पण सांगायची हिंमत नाही, त्याचं धोरण ‘बोटचेपं’, बोलणं ‘गुळमुळीत’.

७. मत बदलणाऱ्याला ‘सरडा’ म्हणतात. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हणही त्याच अर्थाची का?

नाही, आणि ही चूक फार होते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणजे ज्याची कुवत जेवढी, तेवढीच त्याची मजल. तिचा रंग बदलण्याशी काही संबंध नाही. पक्ष बदललेल्या नेत्याच्या बातमीला हा मथळा दिला, तर ‘याची पोच एवढीच’ असा अर्थ होतो. तो तुम्हाला म्हणायचा असेल तर प्रश्न नाही.

मत बदलण्यासाठी ‘सरड्यासारखे रंग बदलणे’. यात वेग आणि वारंवारता दोन्ही आहेत. वीस वर्षांत एकदा बदललेल्या माणसाला सरडा म्हणणं अतिशयोक्ती होईल. जाता जाता: खरा रंगबदलू सरडा, आपल्याकडचा घोयरा, आजूबाजूला मिसळून जाण्यासाठीच रंग बदलतो असं नाही. ऊन, तापमान, भीती, दुसऱ्या नराची चाहूल, अशा कारणांनीही त्याचा रंग बदलतो. म्हणजे बऱ्याचदा तो आपल्या मनात काय चाललंय ते उघड दाखवत असतो. ज्यांना आपण सरडा म्हणतो त्यांचं नेमकं उलट असतं.

८. या अर्थाच्या म्हणी कोणत्या? निबंधात वापरायच्या आहेत.

सर्वांत उपयोगी: जिकडे पोळी तिकडे गोंडा घोळी. गोंडा घोळणं म्हणजे शेपूट हलवत लाडीगोडी लावणं. ही सरळ टीका आहे, दुसरा अर्थ निघत नाही.

हिच्याशी ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण मिसळू नका. पोळी दोन्हींत आहे, दिशा उलटी. इथे ‘खावी’, ‘वाजवावी’ असे उपदेश आहेत. ज्याचं अन्न खातोस त्याच्याशी इमान ठेव. एका दृष्टीने ही पक्षांतराच्या विरोधातली म्हण आहे. आज ती बहुतेक उपरोधाने, मिंध्या माणसाबद्दल वापरली जाते, आणि तो वापर आता इतका रुळलाय की चूक म्हणता येणार नाही. पण निबंधात वापरताना आजूबाजूची वाक्यं उपरोध स्पष्ट करणारी हवीत.

‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ हेही मूळचं शहाणपणच. उघड्यावर काम करणाऱ्याने वाऱ्याशी भांडू नये. ‘पाठ द्यावी’चं ‘पाठ फिरवतो’ झालं की त्याची टीका होते. ‘उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे’ हा प्रयोग सत्तांतरानंतर दोनच दिवसांत प्रत्येक अग्रलेखात येतो. त्यामुळे तो गुळगुळीत झालाय, मला तो टाळावासा वाटतो. ‘देश तसा वेष’ मात्र टीका नाही, तिला या यादीत ओढू नका.

‘गंगा गये गंगादास, जमना गये जमनादास’ मराठी बोलण्यातही ऐकू येते. हिंदी आहे हे लक्षात ठेवून बोलण्यात जरूर वापरा, मराठीच्या पेपरात नको.

९. ‘सरशी तेथे पारशी’ ही जुनी म्हण आहे. वापरली तर काय बिघडलं?

अर्थ बरोबर आहे: ज्याची सरशी होईल त्याच्या बाजूला जाणारा. पण तो एका समाजाच्या नावावर चिकटवलेला आहे, आणि तोही यमकाच्या सोयीसाठी. जुन्या मजकुराचं संपादन करताना ती जशीच्या तशी ठेवावी. स्वतः लिहिताना ‘जिकडे पोळी तिकडे गोंडा घोळी’ हाताशी असताना हिची गरज काय? नव्या पक्षात जास्त जोराने घोषणा देणाऱ्यांसाठी बाटण्यावरून केलेली एक म्हणही अशीच आहे. तिलाही हेच लागू.

१०. आयाराम-गयाराम हे नेते खरे होते का?

गयाराम खरा, आयाराम नाही. १९६७ च्या निवडणुकीत हरियाणातल्या हसनपूरमधून गयालाल नावाचे अपक्ष आमदार निवडून आले. ते काँग्रेसमध्ये गेले आणि मग पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली: संयुक्त आघाडी, परत काँग्रेस, आणि काही तासांत पुन्हा आघाडी. आघाडीचे नेते राव बिरेंद्र सिंग यांनी त्यांना पत्रकारांसमोर उभं करून ‘गयाराम आता आयाराम झाले’ अशा अर्थाचं वाक्य टाकलं, आणि देशभरच्या भाषांना जोडशब्द मिळाला.

याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. त्या काळात राज्याराज्यांत पक्षांतराची लाट आल्यावर तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिमंडळात जागा मिळाल्याचं त्यात नोंदवलं आहे. प्रश्न १ मध्ये ‘फायदा’ हा निकष का धरला, ते या दोन आकड्यांवरून कळेल.

मराठीत हा शब्द बहुधा अनेकवचनी येतो: ‘आयारामांची गर्दी’, ‘आयारामांना तिकिटं, निष्ठावंत सतरंज्या उचलणार’. नव्याने पक्षात आलेला तो आयाराम, सोडून गेलेला तो गयाराम. म्हणजे एकच माणूस एकाच दिवशी एका कार्यालयात गयाराम आणि समोरच्या कार्यालयात आयाराम असतो.

११. दलबदलू, फुटीर, बंडखोर, पलटूराम. बातमीत कोणता शब्द घ्यावा?

बातमीत, शक्य असेल तर, यातला एकही नको. ‘पक्षांतर केलेले आमदार’ पुरेसं आहे. बाकीच्या शब्दांत निवाडा आहे, आणि निवाडा अग्रलेखाचं काम.

तरी फरक लक्षात ठेवा. ‘बंडखोर’ पक्षात राहूनही बंड करतो: तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभा राहिलेला कार्यकर्ता बंडखोर असतो, दलबदलू नव्हे. ‘फुटीर’ गटाने फुटतात. एकटा माणूस ‘फुटला’ म्हणतात, पण ‘फुटीर गट’ हाच प्रयोग रूढ आहे. ‘दलबदलू’ हिंदीतून आला. मराठीत पक्षाला आपण एरवी दल म्हणत नाही, तरी शब्द पचलाय. यात सवय सुचवलेली असते, एकदा पक्ष बदलला म्हणून कुणी दलबदलू होत नाही. ‘पलटूराम’ बिहारच्या राजकारणातून वाहिन्यांमार्गे आला. सोशल मीडियावर ठीक, छापील मराठीत परका वाटतो. गद्दारबद्दल प्रश्न १३ पाहा.

१२. कायद्यातलं पक्षांतर आणि आपण बोलतो ते पक्षांतर एकच का?

एक नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावं परिशिष्ट आलं. त्यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. तो आमदार-खासदारांपुरता आहे. त्यांनी पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडलं किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं, तर अपात्रतेचा प्रश्न उभा राहतो. कायद्याला त्यांच्या मनातल्या मताशी देणंघेणं नाही. एखादा आमदार आयुष्यभर एकाच विचाराचा राहून त्या विचारासाठी पक्षादेश मोडेल, तरी तो अपात्र ठरू शकतो. दुसरा रोज नवी भूमिका घेईल, पण मतदान आदेशाप्रमाणे करेल. त्याला कायदा हात लावणार नाही. भाषेच्या दृष्टीने पहिला तत्त्वनिष्ठ, दुसरा सरडा.

उलटंही घडतं. पूर्वी पक्षाचे एकतृतीयांश आमदार फुटले तर त्याला ‘फूट’ म्हणून सूट होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली. दोनतृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाला संमती दिली तर मात्र संरक्षण उरलं. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपत गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ. पहिल्या वेळी आकडा नेमका दोनतृतीयांश, दुसऱ्या वेळी त्याच्या वर. बोलीत याला घाऊक पक्षांतर म्हणतात, आमदार स्वतः ‘विलीनीकरण’ म्हणतात.

नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्यामुळे रातोरात गट बदललेल्या सदस्याला गावात लोक हवं ते म्हणोत, पक्षांतर हा शब्द तिथे तांत्रिकदृष्ट्या बसत नाही. ‘गट बदलला’ म्हणा.

१३. तीच घटना एक बाजू ‘गद्दारी’ म्हणते, दुसरी ‘उठाव’. खरा शब्द कोणता?

दोन्ही शब्द घटनेचं वर्णन करत नाहीत, बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतात. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यावर उरलेल्यांनी ‘गद्दार’ म्हटलं, गेलेल्यांनी ‘उठाव’. १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, त्या प्रसंगासाठी ‘पाठीत खंजीर’ हा वाक्प्रचार आजही वापरला जातो. ज्यांना तो मान्य नाही ते त्याला ‘पर्याय देणं’ म्हणतात.

गद्दार आणि संधिसाधू यांत मात्र खरा फरक आहे. गद्दारीला आधीचं इमान लागतं. ज्याने कधी कुणाचं मीठ खाल्लं नाही, कुणाला शब्द दिला नाही, तो गद्दार होऊच शकत नाही, फार तर संधिसाधू होईल. तटस्थ लिहायचं असेल तर ‘फूट’, ‘वेगळा झालेला गट’ हे शब्द घ्या, आणि गद्दार किंवा उठाव कुणाच्या तरी तोंडी, अवतरणचिन्हांत ठेवा.

१४. कोर्टात ‘साक्षीदार फितूर झाला’ असं छापून येतं. तो विकला गेला, असाच अर्थ ना?

तसा अर्थ लावणं धोक्याचं. फितूर हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि शिवकाळापासून मराठीत बंड, विश्वासघात या अर्थांनी मुरला. फितणं, फितवणं ही क्रियापदं त्यातूनच. ‘किल्लेदार फितला’ म्हटलं की शत्रूकडून काहीतरी मिळालं हे गृहीत असतं.

कोर्टाच्या बातमीत तो तांत्रिक शब्द झालाय. साक्षीदाराने ज्या बाजूने बोलायचं होतं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तर त्याला बोलावणारा पक्ष न्यायालयाच्या परवानगीने त्याची उलटतपासणी घेऊ शकतो. त्याला बातमीत ‘फितूर’ म्हणतात. यामागे पैसा असेल, धमकी असेल, किंवा पोलिसांनी आधीच्या जबाबात त्याच्या तोंडी नसलेलं घातलं असेल. शेवटच्या शक्यतेत तर तो खरं बोलतोय. शब्द टाळता येत असेल तर ‘साक्ष बदलली’ लिहा.

‘माफीचा साक्षीदार’ हे वेगळंच प्रकरण. तो स्वतः आरोपी असतो आणि सगळं खरं सांगण्याच्या अटीवर त्याला माफी मिळते. त्याला फितूर म्हणत नाहीत, त्याच्या जुन्या साथीदारांनी म्हटलं तर गोष्ट वेगळी.

१५. विश्वासघातक्याला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणणं बरोबर आहे का?

१६८९ मध्ये रायगड मुघलांच्या हाती गेला, त्या कथेतून हे नाव विश्वासघाताचा समानार्थी झालं. प्रत्यक्ष काय घडलं आणि कुणामुळे, यावर इतिहासाच्या अभ्यासकांत वाद आहेत. त्या आडनावाची घरं आजही आहेत. भाषणात टाळ्या पडतात हे खरं. लेखनात ‘घरभेदी’ हा शब्द तेच काम कुणाच्या आडनावाशिवाय करतो.

१६. घूमजाव, कोलांटउडी, पलटी मारणे, टोपी फिरवणे, शब्द फिरवणे. सगळे एकच ना?

शेवटचे दोन वेगळे काढा. ‘शब्द फिरवणे’ आणि ‘टोपी फिरवणे’ यांत आधी दिलेलं वचन असतं. मत नव्हे, वचन मोडलेलं असतं, आणि ते मोडल्याने समोरच्याचं नुकसान होतं. व्याह्यांनी ठरलेलं ऐनवेळी नाकारलं, भागीदाराने सही करायच्या दिवशी पाठ फिरवली, तिथे हे शब्द. जानेवारी २०२२ मध्ये गोव्यातल्या काँग्रेस उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी शपथ घेतली होती. आठ महिन्यांनी जे झालं (प्रश्न १२) त्याला दलबदलूपणा म्हणणं अपुरं आहे, तो शब्द फिरवणं आहे.

‘घूमजाव’ कवायतीतून आला: चालता चालता उलट्या दिशेला तोंड. सरकारने, संस्थेने, पक्षाने जाहीर भूमिका उलटवली की हा शब्द चपखल. त्यात लाज असेलच असं नाही. ‘कोलांटउडी’त हास्यास्पदता आहे. माणूस उलटा होतो आणि वर जणू काही झालंच नाही असा उभा राहतो. सगळ्यांसमोर केलेलं विधान ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणून नाकारणं, ही कोलांटउडी. ‘पलटी मारणे’ बोलीतलं, मित्रांच्या कट्ट्यावर योग्य.

१७. एखाद्याने खरोखर विचार करून मत बदललं असेल, तर त्यासाठी चांगला शब्द आहे का?

‘मतपरिवर्तन’ आहे, पण तो थोडा औपचारिक. ‘हृदयपरिवर्तन’ इतक्या वेळा उपरोधाने वापरलाय की आता गंभीर वाक्यातही हसू येतं. ‘उपरती’चंही तेच. ‘निवडणुकीनंतर उपरती झाली’ हे कौतुकाने कुणी लिहीत नाही. ‘साक्षात्कार’ तर हल्ली फक्त टोमण्यातच दिसतो.

साधं वाक्य सर्वांत प्रामाणिक: ‘त्यांनी मत बदललं, कारण…’ आणि कारण सांगायचं. गांधीजींनी १९३३ मध्ये ‘हरिजन’मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की आपल्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा धरावा. त्यांना संधिसाधू म्हणणारे तेव्हाही होते. बदल उघड सांगितला, कारण दिलं आणि त्यापायी स्वतःचं काही गमावलंही, तर तिथे संधिसाधू हा शब्द टिकत नाही.

१८. ‘व्यवहारचतुर’, ‘लवचिक’, ‘जुळवून घेणारा’ ही त्याच माणसाची गोड नावं नाहीत का?

कधी कधी आहेत. आपल्या भावाने केलं तर जुळवून घेतलं, जावेच्या भावाने केलं तर रंग बदलला. पण फरक तपासता येतो. जुळवून घेणारा आपली पद्धत बदलतो, मागणी तीच ठेवतो. संधिसाधूची मागणीच बदलते. पुरात वाचणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला पक्ष बदलणारे हमखास देतात. तो दाखला नम्रतेचा आहे. लव्हाळं वाकतं खरं, पण पूर ओसरल्यावर त्याच जागी उभं असतं. ‘प्रसंगावधान’ला या वादात ओढूच नका, तो संकटात डोकं शाबूत ठेवण्याचा गुण आहे.

१९. स्त्रीबद्दल लिहिताना हे शब्द कसे बदलतात?

संधिसाधू, दलबदलू, दुतोंडी, दुटप्पी, मतलबी: काहीच बदलत नाही. खुशमस्कऱ्याचं ‘खुशमस्करी’ होतं. सरडा, नंदीबैल या उपमा, त्या पुल्लिंगीच राहतात: ‘ती सरड्यासारखी रंग बदलते’. होयबा बहुधा पुरुषालाच म्हणतात. बाईबद्दल हवं असेल तर ‘हो ला हो म्हणणारी’ सहज वाटतं.

२०. सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांना ‘सरडा’ म्हटलं. आता ते नोटीस पाठवू म्हणतात. पाठवू शकतात का?

नोटीस कुणीही पाठवू शकतो, टिकते की नाही हा पुढचा प्रश्न, आणि तो वकिलाला विचारा. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. भाषेपुरतं एवढं सांगता येईल की ‘सरडा’ हे मत आहे, ‘बिल्डरकडून पैसे घेऊन मत बदललं’ हा आरोप आहे. दुसऱ्यासाठी पुरावा लागेल.

संसदेतही हा प्रश्न आहेच. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाने असंसदीय ठरलेल्या शब्दांचं जे संकलन काढलं, त्यात ‘गद्दार’, ‘गिरगिट’ (हिंदीतला सरडा) आणि ‘जयचंद’ (हिंदीतला सूर्याजी पिसाळ म्हणा) होते. त्यावर गदारोळ झाल्यावर लोकसभा अध्यक्षांनी सांगितलं की शब्दांवर बंदी नाही, संदर्भ पाहून ते कामकाजातून काढले जातात. तुमच्या ग्रुपवर संदर्भ पाहायला कुणी बसलेलं नाही. मेसेज काढून ‘अध्यक्षांनी मार्चच्या सभेत विरोध केला होता, आता पाठिंबा देत आहेत, कारण कळावं’ असं लिहा. सभेचं इतिवृत्त जोडा.

२१. सोडून गेलेला नेता काही वर्षांनी मूळ पक्षात परत आला, तर तो दोनदा दलबदलू का?

मोजणीने हो. पण भाषा इथे एकदम मवाळ होते. वर्तमानपत्रात तो ‘स्वगृही परतला’ असतो, पक्षाच्या मंचावर ‘सकाळचा भुललेला संध्याकाळी घरी आला’. मधल्या काळात त्याला सर्वांत जास्त शिव्या घालणारेच हार घेऊन पुढे असतात, म्हणजे मत त्यांनीही बदललेलं असतंच. त्यांच्यासाठी कोणता शब्द, ते प्रश्न ५ मध्ये आहे.